पुढची सीट विहीणबाईंची

विहीणबाई, शेवटीसुद्धा तुम्ही पुढं आणि मी मागं.

जळकोटच्या रस्त्यानं तुम्हाला नेलं ते आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं बसवूनच नेलं. कपाळाला भस्म, अंगावर ती जांभळी इरकल, केळीच्या खुंटांनी आणि झेंडूनं सजवलेलं विमान, आणि त्यात तुम्ही ताठ. जन्मभर जशा बसलात तशाच. पुढं झांजा वाजत होत्या, मागं आम्ही बायका. माझी रेखा, म्हणजे तुमची सून, माझ्या शेजारी डोळे पुसत चालली होती. आणि मला मात्र एका वळणावर हसू फुटायला आलं. विमान जरासं कललं, आणि मला वाटलं, आता तुम्ही मागं न बघता ओरडणार, "विहीणबाई, पाय लावताय ना?"

मी मनातल्या मनात म्हटलं, "लावतेय जी." मग मात्र पदर तोंडात धरावा लागला.

तुमचा जन्म कुठला, दुकान कसं सांभाळलंत, लेकरं कशी वाढवलीत, हे सांगायला जळकोटात पुष्कळ तोंडं आहेत. मला आपल्या सायकलीचं बोलायचंय. कारण तिसऱ्या दिवशी तुमच्याच ओट्यावर एक प्रश्न निघाला आणि तो थेट माझ्या अंगावर आला.

झालं असं, की तुमचा महेश मोबाइलातला तो फोटो सगळ्यांना दाखवत होता. इंग्लंडातला हिरवा डोंगर, त्यावर दोन माणसांची लांबलचक सायकल, पुढच्या सीटवर तुम्ही, मागं मी. पोरगं आईच्या आठवणीनं भरून आलेलं. म्हणत होतं, "साठी उलटल्यावर आईनं हे डोंगर चढले. पुढं बसून."

तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. म्हणाल्या, "आरं, फोटोत काय बी दिसतंय. हिला महादेवाच्या पायऱ्या चढवंनात. खालूनच हात जोडून माघारी यायची. ही डोंगर चढती व्हय? मागच्या विहिणीनं वढली असंल."

ओट्यावर हसू पिकलं. मयताच्या घरात माणसं हसायला टपलेलीच असतात, तुम्हाला ठाऊक आहे. पण महेशचा चेहरा पडला. तो माझ्याकडं वळला. "मामी, तुम्हीच सांगा यांना. तुम्ही होता ना मागं."

सगळ्या माना माझ्याकडं. हातात चहाची बशी.

काय सांगितलं ते सांगते. पण आधी मला मागचं सगळं नीट आठवून घेऊ द्या. झटकन उत्तर देणारी मी नव्हे. लग्नात तुम्ही "हळद कुठं ठेवली?" विचारलं होतं, तर मी आधी अख्खं मंगल कार्यालय शोधून आले होते. हळद माझ्या हातातच होती.

त्या लग्नातली मी आठवली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. कळंबच्या शाळेत वर्गभर पोरांना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी मास्तरीण, आणि वरमायसमोर तिची जीभ टाळूला चिकटलेली. तुमचे पाय धुवायला बसले. तुम्ही म्हणालात, "पाणी गार हाय." मी पळत जाऊन ऊन पाणी आणलं. "पोळलं." पुन्हा पळाले. तिसऱ्या पाण्याला तुम्ही मान हलवलीत, आणि त्या येड्या बाईला वाटलं की आपण मोठीच परीक्षा पास झालो.

पुढं किती तरी वर्षांनी तुम्ही सांगितलंत, "पहिलंच पाणी बरं होतं, विहीणबाई. पण वरमायनं पहिल्याच पाण्याला व्हय म्हणलं, तर मान काय राहिला?"

हे तुम्ही मला इंग्लंडात सांगितलंत, दुपारी, तिळाच्या तेलाच्या वाटीशेजारी. पण तिकडं येतेच.

नात झाली म्हणून आपण दोघी तिकडं महेश-रेखाच्या घरी गेलो. बाळंतिणीचं करायला मी, आणि माझ्यावर नजर ठेवायला तुम्ही. डर्बीशायर नावाचा तो डोंगराळ मुलूख. आपल्या बालाघाटाला कुणी बारा महिने पाणी पाजलं तर तो कसा दिसेल, तसा. चुन्याशिवाय नुसत्या रचलेल्या दगडी भिंती डोंगरावरून खाली-वर पळतायत, आणि मेंढ्यांच्या पाठीवर निळा-तांबडा रंग. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "आपल्याकडं बैलाची शिंगं रंगवतेत, हिथं मेंढीचं ढुंगण."

महेश दर आठवड्याला सायकलीवर पिशव्या बांधून त्या डोंगरांत हिंडायचा. घाट, खिंडी, गावं करत कुठं तरी मुक्काम करायचा आणि चिखलानं माखून हसत परत यायचा. टेबलावर त्याचा नकाशा कायम पसरलेला. त्यावरच्या तपकिरी रेघा एकमेकींच्या जवळ आल्या की चढ खडा, लांब गेल्या की सोपा, हे त्यानंच शिकवलं. तुम्हाला मात्र त्याची लाज वाटायची. "जमीन इकून शिकवलं, परदेशात धाडलं, अन् हे सायकलवर आलं. गावात बोलू नका हं, विहीणबाई."

आणि एका रविवारी त्यानं आपल्यासाठी ती दोन माणसांची सायकल भाड्यानं आणली. जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेला सपाट रस्ता होता, दोन्ही बाजूंना झाडं. तो म्हणाला, "पुढच्याकडं हँडल, ब्रेक, गिअर. मागच्यानं फक्त पायडल मारायचं. मामी सायकल चालवायच्या, त्यांना पुढं बसू दे."

तुम्ही मेंढ्यांकडं तोंड फिरवून उभ्या राहिलात. अगदी लग्नातल्यासारख्या. परदेशात, भर रस्त्यात, वरमाय रुसली!

आणि मी? रिटायर झालेली, आजी झालेली मास्तरीण? मी तीच लग्नातली येडी. हात जोडून म्हणाले, "न्हाय न्हाय, पुढं त्याच बसतील. मान त्यांचा."

"म्या मोपेड चालवलीय," तुम्ही लगेच वळलात. "जळकोट ते नळदुर्ग. हायवेनं. ट्रकवाले बी बाजू द्यायचे मला."

मला आत कुठं तरी लागलं, हे आज सांगते. कारण सायकल हा माझा प्रांत होता. कळंबहून शाळेच्या गावाला मी सायकलीनं जायचे, आणि गावातली पहिली सायकलवाली बाई म्हणून मिरवायचे. पहिली मी नव्हतेच. पोस्टातल्या मास्तरांची मुलगी पहिली. पण तिचं लग्न होऊन ती गाव सोडून गेली आणि मी तिची गादी बळकावली.

तर पुढं तुम्ही, मागं मी. पहिल्याच दिवशी तुमच्या साडीचा काठ साखळीनं खाल्ला. दुसऱ्या आठवड्यापासून आपण दोघी महेशच्या जुन्या विजारी घालून, वर स्वेटर आणि डोक्याला स्कार्फ. जळकोटानं बघितलं असतं तर विमानाची वाट न बघता तिथंच पुरलं असतं आपल्याला.

सपाट रस्त्याचा लवकरच कंटाळा आला. तो तुम्हालाच आला. "हे काय, मालगाडी गेल्यागत सरळच चाललंय. त्या डोंगरातल्या वाटंनं घे की रं." मग महेश नकाशावर आपल्यापुरत्या लहान वाटा काढायला लागला. एक गाडी जेमतेम जाईल अशा गल्ल्या, दोन्हीकडं कुंपण, वळणावर अचानक गाय.

त्या वाटांवर मला कळलं.

मागं बसलं की पुढच्याचा जोर पायाला समजतो. जोडीतला एक बैल अंग चोरायला लागला की दुसऱ्याच्या खांद्याला लगेच कळतं, तसं. सपाटीवर तुमचे पाय माझ्या पायांबरोबर होते. चढ लागला की पायडल फिरायची, त्यावर तुमचे पायही फिरायचे, पण त्यांत जोर नसायचा. सगळं ओझं माझ्यावर. आणि वर तुमचं ते ओरडणं, "विहीणबाई, पाय लावताय ना? सायकल जड लागतीय!"

माझं डोकं फिरलं. लग्नापासूनचं सगळं वर आलं. पाणी गार, पाणी पोळलं. रेखाला पहिल्या वर्षी पाहुण्यांदेखत तुम्ही भाकरीवरून बोललात, ते. तेवढं एक मी अजून माफ केलेलं नाही, विहीणबाई. माणूस गेलं म्हणून लगेच माफ करायचं, हे मला जमत नाही. सावकाश करीन.

तर मी ठरवलं, आता बघाच. आणि ऐन चढावर पाय सोडले.

सायकल जागच्या जागी थांबली, एकीकडं झुकली, आणि आपण दोघी कुंपणाशेजारच्या खाजऱ्या पाल्यात. मी उठले, अंग झाडलं, आणि तुम्हाला टोमणा मारायला तोंड उघडलं. बघते तर तुम्हाला उठताच येईना. गुडघा दोन्ही हातांनी धरून बसलेल्या, तोंड पांढरंफटक, ओठ आवळलेले. मला बघताच तुम्ही तो हात पटकन काढलात.

"मेंढी आडवी आली," तुम्ही म्हणालात.

लांब लांबपर्यंत मेंढी नव्हती.

पुढं गेलेला महेश घाबरून माघारी पळत आला. "काय झालं? आई, गुडघा दुखतोय का? दुखत असेल तर आजपासून सायकल बंद."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. त्या नजरेत वरमाय नव्हती. शाळेच्या दारातून पोरगं बघतं तसं बघितलंत, मास्तरीण घरी सांगते की काय.

मी म्हणाले, "मेंढी आडवी आली."

त्या दुपारपासून तेलाची वाटी सुरू झाली. महेश कामाला गेला, रेखा बाळाला घेऊन निजली, की तुम्ही पाय पसरायचात आणि मी गुडघे चोळायचे. का चोळतोय ते आपण एकदाही बोललो नाही. "हवा गार हाय हिथली," एवढंच तुम्ही म्हणायचात. "हाय खरी," मी म्हणायचे. आणि पहिल्या पाण्याची गोष्ट तुम्ही तेव्हाच सांगितलीत. मी चिडायला पाहिजे होतं. इतकी हसले की बाळ उठलं.

आता तुमच्या जाऊबाईंना वाटेल, म्हणजे सगळी मेहनत माझी आणि मान तुमचा. अर्धीच गोष्ट ऐकली तर तसंच दिसतं. कारण चढ संपला की उतार यायचा.

उतार म्हणजे माझं मरण. तरुणपणी येडशीच्या घाटात मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि मी, कळंबची गादी बळकावलेली राणी, ब्रेकचं रबर झिजलंय हे माहीत असून सुसाट सुटले. समोरून कडब्यानं भरलेली बैलगाडी येत होती. मी थेट कडब्यात. बाहेर काढलं तेव्हा डोक्यात कडबा, तोंडात कडबा, आणि गाडीवान बैलांना विचारतोय, "हे काय आलं रं?" तेव्हापासून उतार आला की मी खाली उतरून चालायचे. शाळेत सांगायचे, व्यायाम होतो.

दोघींच्या सायकलीवरून एकटीला उतरता येतं थोडंच? त्या पहिल्या उतारावर मी डोळे गच्च मिटले आणि कपाळ तुमच्या पाठीला टेकलं. वारा कानात घोंघावतोय. तुम्हाला कळलंच असणार. पाठीला कपाळाचं ओझं कळत नाही असं होत नाही.

तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. फक्त मोठ्यानं बोलायला लागलात. "डावीकडं भित हाय, लांबलचक. आता गाय. काळी हाय, तोंड पांढरं. खाली नदी दिसतीय, पूल हाय दगडी. आता म्हातारा आला, टोपीवाला, कुत्रं घिऊन. हात करतोय बगा. करा, तुमी बी हात करा." आणि मी, डोळे मिटून, कुठल्या तरी म्हाताऱ्याला हात केला.

वळण फार जवळ आलं की तुम्ही सायकलीवर कानडीत ओरडायचात, "निल्लु, निल्लु!" म्हणजे थांब, थांब. ट्रकवाले थांबत होते तिथं सायकलीची काय बिशाद. ती हळू व्हायची. एकदाही तुम्ही मला पाडलं नाहीत.

खाली पोचल्यावर महेशनं विचारलं, "मामी, कसा वाटला उतार?" मी सुटलेला स्कार्फ बांधत राहिले. तुम्हीच म्हणालात, "त्यांनी सगळं बगितलं. मलाच दाखवत होत्या, हे बगा, ते बगा."

म्हणून माझ्या इंग्लंडातले सगळे उतार जळकोटच्या बोलीत आहेत, विहीणबाई. चढ मी डोळ्यांनी बघितले. उतार मी तुमच्या तोंडून ऐकले. आणि खरं सांगू, उतारच जास्त हिरवे आठवतात.

एक चढ तेवढा राहिला. त्याचं नाव तुम्हीच 'सासूबाई' ठेवलंत. इंग्रजी नाव आपल्याला धड म्हणता येईना, आणि तुमच्या सासूबाईंसारखाच तोही कुणापुढं नमत नाही म्हणालात. आपण दर वेळी एकाच लोखंडी फाटकापाशी हरायचो. तिथं माझा दम संपायचा. आणि मी "बस" म्हणायच्या आत तुम्हीच म्हणायचात, "थांबा, फूल लई छान हाय हिथं." उतरून दोघींनी ढकलायचं. शेवटच्या वळणाआधी पुन्हा सीटवर बसायचं, आणि वर चहाची बाटली घेऊन थांबलेल्या महेशसमोर थाटात जायचं. फोटो तिथलाच आहे. तुमच्या जाऊबाईंची नजर तेज, हे मानलंच पाहिजे.

त्या फाटकावरून आपलं भांडण कायमचं.

"एकदा तरी न उतरता चढायचं," तुम्ही म्हणायचात.

"उतरलं तर काय झिजतंय?"

"मान."

"विहीणबाई, मेंढ्यांपुढं कसला मान?"

"मेंढ्यांपुढंच राखायचा आस्तो. माणसं काय, फसतेत."

हे भांडण मिटलंच नाही. निघायच्या आदल्या रविवारीही आपण त्याच फाटकाशी उतरलो. तुम्ही फाटकावर हात ठेवलात, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणालात, "फुडल्या खेपंला."

परत आल्यावर तुम्ही जळकोटात, मी कळंबात, आणि फोनवर तीच तकतक. मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "हल्ली जरा चाललं की दम लागतोय." मी, मोठी विनोदी, म्हणाले, "गिअर बदला की मग." तुम्ही म्हणालात, "गिअर माझ्याकडंच होता. तुमाला कुठं ठावं त्यातलं?" दोघी हसलो. फोन ठेवला. तेवढंच. तुम्ही खरंच दमत होता, आणि मला ते ऐकायला आलं नाही. मागं बसलेल्याला पुढच्याचं सगळं कळतं, अशी माझी घमेंड होती ना. सायकलीवर कळायचं. फोनवर नाही कळलं.

तर ओट्यावर सगळे माझ्याकडं बघत होते. महेश ओठ चावत होता. त्याला त्याच्या आईचा डोंगर पाहिजे होता. खोटं बोलले तर तुमच्या जाऊबाईंनी तिथल्या तिथं पकडलं असतं, आणि खरं बोलले तर तुम्ही फाटकापाशी राखलेला मान त्या बशीभर चहात बुडाला असता.

मी म्हणाले, "अक्का, मागच्या माणसाला पुढचं काय दिसतंय? नुसती पाठ. पण एक सांगते. ह्या पुढं नसत्या, तर त्या डोंगरावरून मी खाली आलेच नसते. आजपण तिथंच बसले असते, मेंढ्यांत."

"मी चढायचं इचारलं," अक्का म्हणाल्या, "अन् ही उतरायचं सांगती."

"चढायला काय अक्का, बैल बी चढतंय. खाली सुखरूप आणायला माणूस लागतं."

अक्कांनी मोबाइल पुन्हा हातात घेतला, बोटानं तुमचं तोंड मोठं करून बघितलं, आणि म्हणाल्या, "बसलीय मात्र झोकात." तेरखेड्याचा फटाका ऐन वेळी फुसका निघावा, तशा विझल्या. मग त्यांनीच डोळ्याला पदर लावला.

तुमचा लेक काय समजला आणि काय नाही, देव जाणे. बसस्टँडवर मला सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मामी, त्या दिवशी मेंढी खरंच होती का हो?"

"होती तर. चांगली गुबगुबीत. पाठीला निळा रंग."

तो हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाला, "उन्हाळ्यात या. सासूबाई राहिलीय ना तुमची. या वेळी तुम्ही पुढं बसा, मी मागून जोर लावतो."

मी एसटीत बसून तेवढाच विचार केला, कळंब येईपर्यंत. जाईन म्हणते. पण पुढं नाही बसणार. ती जागा मला लहान पडेल का मोठी, ते कळत नाही, पण माझी नाही. महेशनं बसावं. हँडल त्याच्या घरातलंच आहे. मी मागून माझं काम करीन. फाटक आलं, दम संपला, तर आता फूल दाखवायला कुणी नाही. मग काय, चढायलाच लागेल. तुमचंच खरं करावं लागणार, हे मला आधीपासून दिसत होतं.

काळजी त्याच्या पलीकडच्या उताराची आहे. महेश चांगला पोरगा, पण तो गुपचूप सायकल चालवतो. गाय, म्हातारा, नदी, पूल, त्याला कुणी सांगायला शिकवलेलं नाही. तेव्हा या खेपेला डोळे उघडे ठेवीन म्हणते. ठेवता आले तर. नाही आले तर तोंडानं मीच बोलेन, तुमच्यासारखं, मोठ्यानं. डावीकडं भित हाय. आता गाय. आता टोपीवाला. करा, हात करा.

तोवर तुम्ही ताठ बसा. मागं बघू नका, बघायची तुमची सवयही नाही. आणि विचारायचं असेल तर विचारा.

लावतेय, विहीणबाई. लावतेय.